सुधारलेला रंगेल नायक आणि त्याने मागे सोडलेली माणसे

वाचकांचे प्रश्न

प्रेमकथांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांत एकच नायक पुन्हा पुन्हा भेटला. पूर्वायुष्यात अनेकींशी सूत जुळवून मोकळा झालेला आणि अखेर एकीपाशी येऊन थांबलेला असा हा तरुण आहे. म्हणून या वेळची सगळी उत्तरे त्याच्याविषयीच आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी सहकारी बँकेत नोकरी करते आणि पहिली कादंबरी लिहीत आहे. माझा नायक चौतीस वर्षांचा, मुंबईत जाहिरात क्षेत्रात काम करणारा, देखणा आणि बोलण्यात पटाईत आहे. दर तीन-चार महिन्यांनी त्याची मैत्रीण बदलते. वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीच्या तो प्रेमात पडतो, बाराव्या प्रकरणात मोबाईलमधली डेटिंगची सगळी ॲप काढून टाकतो आणि विसाव्या प्रकरणात तिला लग्नाचे विचारतो. आमच्या लेखनगटात नायिका सगळ्यांना आवडली, संवाद आवडले. नायक बदलला हे मात्र कोणालाच पटले नाही. चुकते कुठे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या नायकाच्या बदलाला कारण एकच आहे आणि साक्षीदारही एकच आहे, आणि दोन्ही जागी नायिकाच बसली आहे. जिच्याकडून त्याला काही हवे आहे, तिच्याशी तो चांगला वागतो; पण ही कला तर त्याला पहिल्या प्रकरणापासून येतच होती. नवी मुलगी आवडली की तिच्यासाठी वेळ काढायचा, तिच्या आवडीनिवडी लक्षात ठेवायच्या, जुने नंबर पुसून टाकायचे आणि 'तू वेगळी आहेस' असे मनापासून म्हणायचे, हे सगळे रंगेल माणूस दर खेपेला करतो, आणि बहुतेक वेळा त्या क्षणी ते त्याला खरेही वाटत असते. म्हणजे बाराव्या प्रकरणापर्यंत वाचकाने जे पाहिले ते त्याचे नेहमीचेच वागणे आहे. या वेळी ते खरे का मानायचे, याला लेखिकेच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नाही.

ही अडचण फार जुनी आहे. १६९६ च्या आरंभी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात कॉली सिबर या तरुण नटाने लिहिलेले 'लव्हज लास्ट शिफ्ट' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातला लव्हलेस हा बायकोला टाकून परदेशी गेलेला, पैसा आणि अब्रू दोन्ही उधळून बसलेला नवरा वर्षानुवर्षांनी परत येतो. देवीच्या आजाराने चेहरा बदललेली आपली बायको अमांडा त्याला ओळखू येत नाही. ती परकी स्त्री असल्याचे भासवून त्याला आपल्याकडे ओढून घेते, नंतर ओळख पटवते, आणि तो पश्चात्तापाने विरघळतो. प्रेक्षकांनी नाटक डोक्यावर घेतले. जॉन व्हॅनब्रू या गृहस्थांना मात्र हा शेवट पचला नाही. त्यांनी तेवढ्यावरूनच 'द रिलॅप्स' हे पुढचे नाटक लिहिले, आणि तेही त्याच वर्षी, त्याच नाट्यगृहात झाले. त्यात हे जोडपे खेड्यात सुखाने नांदत असते. काही कामानिमित्त ते लंडनला येते आणि लव्हलेस बायकोच्याच नात्यातल्या एका बहिणीच्या नादी लागतो. (व्हॅनब्रू पुढे वास्तुरचनाकार म्हणून गाजले आणि ब्लेनहाइम राजवाड्याची रचना त्यांनी केली. पाया न घालता चढवलेला मजला त्यांच्या नजरेला खुपला असेल, तर नवल नाही.) आपल्या लेखनगटाचा आक्षेप नेमका हाच आहे. खेड्यात तो शहाणा झाला हे ठीक, परंतु लंडनमध्ये तो काय करील?

यावर उपाय शोधायला लंडनला जाण्याची मात्र गरज नाही. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपक' या संस्कृत नाट्यशास्त्रावरील ग्रंथात शृंगारातल्या नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत. जो एकीशीच निष्ठ असतो तो अनुकूल. उरलेले तीन प्रकार नायकाचे मन दुसरीने हरण केल्यानंतर तो पहिलीशी कसा वागतो, यावरून ठरवलेले आहेत. पहिलीविषयी अजूनही सहृदय असणारा तो दक्षिण, लपूनछपून तिचा अपराध करणारा तो शठ, आणि अंगावरच्या खुणाही लपवण्याची तसदी न घेणारा तो धृष्ट. नव्या स्त्रीशी तो किती गोड वागतो, याची शास्त्रकाराने मोजदादच केलेली नाही. ते गृहीतच आहे. आपण ही कसोटी उचलावी, असे मला वाटते.

'शाकुंतला'च्या पाचव्या अंकाची सुरुवात आठवून पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ज्या नाटकाने मराठी संगीत रंगभूमीचा डौल उभा केला, ते हेच नाटक, पण त्यातला हा छोटा प्रसंग आपण सहसा विसरतो. अंतःपुरातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. नव्या मधाला हपापलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहोराला तसा बिलगलास आणि आता कमळात विसावल्यावर त्याला विसरलास कसा, अशा आशयाचे ते गाणे आहे. दुष्यंताला टोमणा बरोबर कळतो. हिच्यावर आपण एकदा प्रेम केले होते, असे तो विदूषकाला सांगतो, मार्मिक टोमणा मारलास असा निरोप त्याच्याच हाती पाठवतो, आणि विषय मिटतो. पुढे अंगठी सापडल्यावर सहावा अंक जवळपास सगळा शकुंतलेसाठी झुरण्यात जातो, परंतु हंसपदिकेचे काय झाले हे राजाही विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. शकुंतलेला विसरायला निदान दुर्वासांचा शाप होता. हंसपदिकेला विसरायला कोणाच्याही शापाची गरज पडली नव्हती.

आपल्या कादंबरीतल्या आधीच्या मुली नावाशिवाय येतात आणि जातात, असे पत्रावरून दिसते. त्यांपैकी निदान एकीला नाव द्यावे, नोकरी द्यावी आणि नायकाकडून काही येणेही द्यावे. समजा, ती त्याच्याच एजन्सीत आहे. संबंध तुटल्यापासून तो बैठकीत तिच्या नजरेला नजर देत नाही आणि तिच्या बढतीविषयी त्याचे मत विचारले जाणार आहे. तिच्याविषयी वाईट बोलण्याइतका तो नीच नाही, पण नुसता गप्प बसला तरी तिचे नुकसान होणार आहे. तिथे तो काय करतो ते दाखवावे, ते बाराव्या प्रकरणाच्या आधी दाखवावे, आणि नायिकेला ते कधीही कळू देऊ नये. दुसरे ठिकाण त्याच्या मित्रांचे आहे. अशा माणसाची ख्याती मित्रांच्या बैठकीतच तयार होते. प्रत्येक मुलगी सोमवारी किस्सा होऊन तिथे पोहोचते. किस्सा सांगायला त्याची जीभ ज्या दिवशी वळत नाही, त्या दिवशी मित्र त्याची टिंगल करतील आणि हळूहळू त्याला बोलावणेही बंद करतील. बदलाची ही किंमत आहे, आणि ती मोजताना वाचकाला दिसली पाहिजे.

माफीच्या प्रसंगांबाबत मात्र हात आखडता ठेवावा. जुन्या सगळ्या मुलींना एका रात्रीत 'मला माफ कर' असे संदेश धाडणारा नायक पुन्हा स्वतःच्याच मनाची सोय पाहत असतो. ज्या मुलीने तो अध्याय कष्टाने मिटवला आहे, तिच्या फोनवर रात्री दोन वाजता उगवण्याचा त्याला काय अधिकार? आणि ॲप काढून टाकण्याचा प्रसंग वगळावा. काढलेले ॲप परत घ्यायला मिनिटभरही लागत नाही, हे आज प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या ओळखीत 'लग्न झाले की सुधारेल' या भरवशावर अशाच एका मुलाशी एका चांगल्या मुलीचे लग्न लावून दिले. तिचे पुढे काय झाले ते लिहवत नाही. सुधारलेल्या रंगेल नायकाच्या कथा मुलींच्या डोक्यात हेच भरवतात. आपण अशा लेखनाला प्रोत्साहन द्यावे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला राग रास्त आहे आणि साहित्याच्या इतिहासात त्याला थोर साथीदारही आहे. सॅम्युअल रिचर्डसन या लंडनच्या मुद्रकाने १७४० मध्ये 'पामेला' लिहिली. तिच्यात मोलकरणीला छळणारा आणि कोंडून ठेवणारा धनी शेवटी तिच्या सद्गुणांनी सुधारतो आणि तिच्याशी लग्न करतो. पुस्तक अफाट खपले. पुढे त्याच लेखकाने 'क्लॅरिसा' लिहिली, आणि ती १७४७-४८ मध्ये टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. शेवटचे खंड येण्यापूर्वीच वाचकांना कथेचा रोख कळला आणि लव्हलेस या खलनायकाला (सिबरच्या नाटकातला लव्हलेस तो हा नव्हे) सुधारून क्लॅरिसाशी त्याचे लग्न लावून द्या, अशी विनवणी करणारी पत्रे लेखकाकडे येऊ लागली. लेडी ब्रॅडशे या बाईंनी तर टोपणनावाने कळवळून लिहिले. रिचर्डसन बधले नाहीत. क्लॅरिसा मरते, लव्हलेस द्वंद्वयुद्धात मारला जातो, आणि सुधारलेला रंगेल माणूस सर्वांत उत्तम नवरा होतो ही लोकांत रुजलेली समजूत घातक आहे, असे लेखकाने प्रस्तावनेत स्पष्ट बजावले आहे.

तरीही लेडी ब्रॅडशे यांची बाजू मला पूर्णपणे सोडवत नाही. माणूस बदलू शकतो, ही इच्छा केवळ भोळेपणाची नाही. 'लग्न झाले की सुधारेल' हे वाक्य घातक ठरते, कारण त्यात मुलाने काहीच करायचे नसते. मुलीला औषध म्हणून त्याच्या घरी पाठवायचे असते आणि गुण आला नाही, तर दोषही औषधालाच द्यायचा असतो. कादंबरीत लेखकाला नायकाच्या मनात डोकावता येते, मांडवात बसलेल्या मुलीला ती सोय नसते. म्हणून माझी अट एवढीच आहे की, कथेतल्या नायिकेला नकार देता आला पाहिजे, आणि नकार दिल्यावर जायला तिला स्वतःचे घर, पगार व माणसे असली पाहिजेत. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये (१८१४) आश्रितासारखी वाढलेली फॅनी सगळ्यांचे दडपण असताना, आपल्या भावाला नौदलात बढती मिळवून दिलेल्या देखण्या हेन्री क्रॉफर्डला नकार देते. तो काही काळ खरोखर सुधारतो, आणि मग एका विवाहितेला घेऊन पळून जातो. तो टिकून राहिला असता तर फॅनी त्याला मिळाली असती, असेही ऑस्टिन सांगते. म्हणजे त्याच्या बदलाची शक्यता लेखिकेने नाकारली नाही. तिची जोखीम मात्र फॅनीच्या गळ्यात घातली नाही.

प्रश्न : मी स्वतः तसाच होतो, असे म्हणायला हरकत नाही. अडतीस वर्षांचा आहे, येत्या मार्गशीर्षात लग्न ठरले आहे. दोन शंका आहेत. कथांमधल्या अशा नायकाला लहानपणी आई सोडून गेलेली असते किंवा पहिल्या प्रेमात दगा झालेला असतो. माझ्या बाबतीत तसे काहीच घडले नव्हते. मग कारण काय समजायचे? आणि कथेतला नायक नायिकेला शेवटी सगळे सांगून टाकतो, तसे खऱ्या आयुष्यात सांगावे का? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेने अनेक लेखकांची पंचाईत होईल, म्हणून ती मला विशेष आवडली. बालपणीची जखम ही बहुतेक वेळा लेखकाने नायकासाठी आगाऊ घेतलेली माफी असते. वास्तवातली कारणे फार साधी असतात. संधी मिळते, मित्र वाहवा करतात, सुरुवातीचे दिवस गोड असतात आणि नंतरचे दिवस कष्टाचे. गोड तेवढे घेऊन निघून जाता येते, हे एकदा कळले की त्याची सवय होते. त्यात क्रौर्य असेलच असे नाही, बेफिकिरी मात्र असते. समोरच्या व्यक्तीच्या घरी आपण गेल्यावर काय घडते, याचा विचारच करायचा नाही, ही ती बेफिकिरी. आपल्यासारख्या, काहीही दुःख नसलेल्या रंगेल माणसाची प्रामाणिक कथा मराठीत कोणी लिहिली, तर ती मी आधी वाचीन.

दुसरी शंका कथेची नाही, संसाराची आहे. जे होणाऱ्या पत्नीच्या आयुष्याला लागणार आहे, ते सगळे लग्नाआधी सांगितलेच पाहिजे. अजून न तुटलेला कोणताही संबंध, कुठे मूल असल्यास ते, पैशाचे देणे, पोलिसांत किंवा न्यायालयात काही चालू असेल तर तेही. आरोग्याचे तर नुसते सांगून भागत नाही. तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते, नाव गुप्त राहते, आणि १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर जवळच्या केंद्राची माहिती मिळते. संसर्ग झाल्यावर काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही, म्हणून शेवटच्या संबंधाची तारीख समुपदेशकाला खरी सांगावी. हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस यांच्या चाचण्यांविषयी तिथेच विचारावे. दोघांनी मिळून जावे हे उत्तम.

राहिला प्रश्न त्या मुलींच्या नावांचा आणि तपशिलांचा. ते सांगू नयेत. ते केवळ आपले नाहीत, त्यांचेही आहेत, आणि बहुतेक जणी आज आपापल्या घरी आहेत. 'असे संबंध होते, अनेक होते, मी नीट वागलो नाही' एवढे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि तिला विचार करायला वेळ द्यावा. मार्गशीर्षाचा मुहूर्त त्यासाठी पुढे ढकलावा लागला, तर ढकलावा.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या वाचनगटात बहुतेक स्त्रिया आहेत. प्रश्न असा निघाला की, मजा करून झाल्यावर स्थिर होणारा नेहमी पुरुषच का? तशी नायिका का नाही? आणि नायिका नेहमी इतकी निष्पाप का? – एक वाचनगट, न्यू जर्सी

उत्तर : परंपरेने नायिकेला कसे मोजले, ते पाहिले की कारण उमगते. नायिकेच्या ज्या आठ अवस्था शास्त्रात सांगितल्या आहेत, त्या नायक कुठे आहे आणि काय करतो आहे यावर बेतलेल्या आहेत. तो येणार म्हणून सजून बसलेली वासकसज्जा, आला नाही म्हणून व्याकूळ झालेली विरहोत्कंठिता, ठरल्या जागी त्याने फसवलेली विप्रलब्धा, दुसरीच्या खुणा अंगावर घेऊन तो पहाटे परतला म्हणून संतापलेली खंडिता. पाय उचलून स्वतः निघते ती एकटी अभिसारिका, आणि तीही त्याच्याचकडे निघते. रंगेल नायकाच्या प्रेमकथेने हीच वाटणी पुढे चालवली. १९०८ मध्ये लंडनला सुरू झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनाची पुस्तके आपल्याकडे वाचनालयांतून भाड्याने घेऊन अनेक पिढ्यांनी वाचली. त्यांतला अनुभवी, श्रीमंत नायक आणि कोवळी नायिका हा साचा त्या वाचकांच्या मनात घट्ट बसला. आजच्या इंग्रजी प्रेमकथांत हा साचा बराच मोडला आहे.

मराठीत अशी नायिका अवघड जाते, याचे एक कारण मला असे दिसते की, पुरुषाच्या पूर्वायुष्याला आपण 'मजा' म्हणतो आणि स्त्रीच्या पूर्वायुष्याला लगेच कारण मागतो. लेखक घाबरून कारण देऊन टाकतो, आणि कारण दिले की ती पुन्हा दुखावलेली बिचारी होते. आपल्या गटातल्या कोणी लिहिणार असल्यास तिला एकही सबब देऊ नये. चाळिशीची, घटस्फोटाची कहाणी नसलेली, स्वतःच्या पगारावर राहणारी, काही पुरुषांना खरोखरच दुखावून निघून गेलेली नायिका लिहावी, आणि नायक-नायिका दोघांनाही एकाच मापाने मोजावे. नाशिकच्या पत्राला दिलेले उत्तर तिलाही जसेच्या तसे लागू होते. तिच्याही मागे कोणी हंसपदिक बसलेला असणारच.

प्रश्न : माझ्या मित्राच्या हस्तलिखितात नायक सुधारण्यापूर्वी दोन मुलींना लग्नाचे वचन देऊन त्यांच्याशी संबंध ठेवतो आणि शेवटी तिसरीशी लग्न करतो. हा भाग विनोदी आहे. मी कायद्याचा विद्यार्थी असल्याने मला तो खटकतो. तो म्हणतो, ही कथा आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : खटकणे योग्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ प्रमाणे, पाळण्याचा हेतूच नसताना लग्नाचे वचन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकेल असा स्वतंत्र गुन्हा आहे. मनापासून दिलेले वचन पुढे मोडणे आणि मुळातच खोटे वचन देणे, यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात फरक केला होता. आपण अभ्यासक्रमात तो निकाल वाचला असेलच. मित्राने आधी हे ठरवावे की, त्याच्या नायकाने वचन देताना मनात काय धरले होते. मनापासून दिले असेल, तर ते मोडतानाचा प्रसंग लिहावा लागेल आणि तो विनोदी होणार नाही. खोटे दिले असेल, तर त्या दोघींपैकी एक पोलीस ठाण्यात जाऊ शकते, हे कथानकात धरावे लागेल. आजच्या काळातली कथा म्हणून जिची जाहिरात करायची, तिच्यात आजचा कायदा नसून कसे चालेल? तिसऱ्या मुलीने लग्नाला होकार देण्यापूर्वी तिला त्या दोघींविषयी काय ठाऊक होते, हेही हस्तलिखितात कुठे आले आहे का, ते मित्राला अवश्य विचारावे.